शहराची वळचण

रविवारची सकाळ, सात वाजायला पाच कमी. चर्चगेटला इरॉस सिनेमाच्या कोपऱ्यावर आम्ही चौदा जण उभे होतो. आर्किटेक्चर शिकणाऱ्या तीन मुली, गळ्यात कॅमेरा अडकवलेले एक निवृत्त बँक अधिकारी, डोंबिवलीहून पहाटेची लोकल पकडून आलेलं एक जोडपं, खास या फेरीसाठी पुण्याहून येऊन आदल्या रात्री बहिणीकडे मुक्काम ठोकलेले एक काका, आणि असेच आणखी काही. जुलै महिना. आमचा वाटाड्या तिशीतला. पायात पावसाळी सँडल, काखेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले जुने नकाशे. "आज प्रत्येक इमारतीच्या तीन गोष्टी बघायच्या," तो म्हणाला. "तिचं डोकं, तिचे पाय, आणि पाऊस आला तर ती आपल्याला कुठं उभं करते ते." सगळे हसले.

अर्ध्या तासात पाऊस आलाच. ओव्हल मैदानाच्या कडेनं, महर्षी कर्वे रस्त्यावर आम्ही एका इमारतीची अक्षरं वाचत होतो. दारावर सिमेंटमध्ये कोरलेलं तिचं नाव, तेही त्या काळच्या खास तिरप्या-गोल वळणाचं. मैदानापलीकडचा राजाबाई टॉवर बघता बघता दिसेनासा झाला आणि आम्ही धावत त्या इमारतीच्या पोर्चमध्ये शिरलो. तिथं स्टुलावर बसलेल्या म्हाताऱ्या रखवालदारानं काही न बोलता स्टूल भिंतीकडे सरकवलं. तेवढ्यानं चौदा माणसांची सोय झाली.

गावाकडच्या घराला वळचण असते. छपराची पुढे आलेली कड. भिंत भिजू नये म्हणून काढलेली. पण तिच्याखाली वाटसरू उभा राहतो, कोंबड्या उभ्या राहतात, शेजारच्या गावचा पोस्टमन सायकलसकट उभा राहतो. घरमालकाला कुणी विचारत नाही आणि तोही कुणाला हटकत नाही. पोर्चमध्ये उभं राहून पाण्याच्या धारा बघताना तो शब्द मला कितीतरी वर्षांनी आठवला. पुढच्या दोन-तीन महिन्यांत मुंबईत अशा आणखी काही फेऱ्या मी केल्या, आणि प्रत्येक वेळी नकळत वळचण शोधत राहिलो.

*

ओव्हलच्या पश्चिमेची ही रांग आणि तिच्यामागे मरीन ड्राइव्हपर्यंतचा पट्टा बॅकबेच्या भरावानं घडवला. कुलाब्यापर्यंत जाणारी रेल्वे १९३० च्या अखेरीस चर्चगेटपर्यंत मागे आली आणि तिच्या रुळांची जागाही मोकळी झाली. वाटाड्यानं पोर्चमध्येच पिशवी सोडून नकाशा उलगडला आणि एक नाव घेतलं: बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. गव्हर्नर जॉर्ज लॉइडच्या कारकिर्दीत, १९२० मध्ये स्थापन झालेलं सरकारी खातं. बॅकबेत समुद्र हटवून ११४५ एकर जमीन काढायची, हे त्याच्या कामांपैकी एक.

योजना फसली. खर्च वाढत गेला, ड्रेजर गाळ उपसत राहिला आणि टाकलेला गाळ समुद्र परत नेत राहिला. वकील खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी या कारभाराचे वाभाडे काढले. खात्यातल्या एका इंजिनिअरनं त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला. नरिमन निर्दोष सुटले. ठरलेल्या जमिनीपेक्षा कितीतरी कमी जमीन हाती लागली. पुढे त्याच भरावाच्या टोकाला नाव मिळालं ते नरिमन यांचं. भराव घालणाऱ्याचं नाव विसरून त्याला जाब विचारणाऱ्याचं नाव जमिनीला देणारं शहर म्हणून मुंबईबद्दल मला त्या सकाळी फार आपुलकी वाटली.

जी जमीन मिळाली तिच्यावर तिशीच्या दशकात नव्या चालीच्या इमारती उभ्या राहिल्या. काळ्या दगडाचा आणि टोकदार कमानींचा जमाना संपून सिमेंट काँक्रीटचा आला होता. एसीसी ही सिमेंट कंपनी १९३६ चीच. काँक्रीटमुळे कोपरा गोल वळवता येऊ लागला, आधाराशिवाय बाल्कनी पुढे काढता येऊ लागली, प्रत्येक खिडकीवर भुवईसारखा छज्जा ओढता येऊ लागला. जहाजाच्या डेकवर असतात तसे आडवे कठडे, गोल खिडक्या, लोखंडी जाळीत उगवता सूर्य, जिन्याच्या पायऱ्यांना दोन रंगांचं टेराझो. रिगल सिनेमागृह १९३३ चं, इरॉस १९३८ चं. न्यू इंडिया अॅश्युरन्सच्या १९३६ च्या इमारतीवर शिल्पकार ना. ग. पानसरे यांनी घडवलेली कष्टकऱ्यांची उंच शिल्पं आहेत. फोर्टात बसमधून जाताना मान वर न केल्यामुळे ती मला चाळीस वर्षं दिसली नव्हती.

या शैलीचं नाव आर्ट डेको. फ्रेंच नाव आणि युरोपातून आलेली चाल. पण छज्जा आपल्या उन्हाचा आणि आपल्या पावसाचा. आणि बांधणाऱ्यांतही आपली माणसं होती. गजानन बाबूराव म्हात्रे (१९०२–१९७३) हे नाव मराठी घरांत फारसं ऐकू येत नाही, ते यायला हवं. ओव्हलसमोरचं एम्प्रेस कोर्ट त्यांचं, मरीन ड्राइव्हच्या कोपऱ्यावरचं सूना महाल (१९३७) त्यांचं, बॅलार्ड इस्टेटजवळचा कारफुले पेट्रोल पंप (१९३८) त्यांचा. सूना महालच्या कोपऱ्याशी थांबून वाटाड्या म्हणाला, "म्हात्रेंची इमारत ओरडत नाही. शेजारणीच्या उंचीला उंची लावून उभी राहते." मरीन ड्राइव्हकडे तोंड करून पाहिलं तर ते खरंच होतं. सगळ्या रांगेची उंची जवळपास एक, मजल्यांच्या रेषा जुळणाऱ्या, आणि तळाशी चालायला रुंद फुटपाथ.

अशाच इमारतींबरोबर मुंबईत 'ब्लॉक' हा शब्द रुळला. ब्लॉक म्हणजे स्वतःचं दार, स्वतःची मोरी, स्वतःचा संडास असलेलं घर. "त्यांनी ब्लॉक घेतला" हे वाक्य आमच्या लहानपणी आई किंचित खालच्या आवाजात बोलायची. त्यात कौतुक होतं आणि थोडी हायही होती.

या इमारती टिकल्या त्यामागे दूरदृष्टीइतकाच अपघातही आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी गोठली. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरू हलेना, त्यामुळे पाडणंही जमेना. पुढे १९९५ मध्ये शहराची वारसा नियमावली आली. रहिवाशांच्या संघटनांनी आधी ओव्हल मैदान सावरलं, मग युनेस्कोपर्यंत पाठपुरावा केला. ३० जून २०१८ रोजी ओव्हलभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको मिळून ९४ इमारतींचा समूह जागतिक वारसा ठरला. फेरीच्या शेवटी कॅमेरावाल्या साहेबांनी समाधानानं लेन्सला झाकण लावलं. नकाशा गुंडाळता गुंडाळता वाटाड्या म्हणाला, "त्या खात्याचं हे एक लेकरू. दुसरं बघायचं असेल तर पुढच्या रविवारी लोअर परळला या."

*

पुढच्या रविवारी वाटाड्या बदलली होती. लालबागमध्ये वाढलेली, पन्नाशीची बाई. वडील गिरणीत साचेखात्यात होते. तिच्याकडे नकाशे नव्हते. तिनं स्टेशनबाहेर आम्हाला गोलात उभं केलं आणि तोंडानं भोंग्याचा आवाज काढला. खालून वर चढत जाणारा, लांबलचक. वडापावच्या गाडीवरचा माणूस वळून बघायला लागला. "आमच्याकडे घड्याळ नव्हतं," ती म्हणाली. "कुठली पाळी सुटली त्यावरून आई कुकर लावायची."

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला काढायला घेतली आणि १८५६ मध्ये ती चालू झाली. मग परळ, लालबाग, वरळी, भायखळा मिळून गिरणगाव झालं. कोकणातून आणि घाटावरून आलेली माणसं एका खोलीत पाळीपाळीनं झोपली, खानावळीत जेवली, जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, मागे लागून बदलीची कामं मिळवत राहिली. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. गिरण्याच हळूहळू बंद झाल्या.

एका बंद कंपाउंडच्या भिंतीवरून डोकावणारं जुनं छप्पर तिनं दाखवलं. करवतीच्या दातांसारखं, एका बाजूला उतार आणि दुसऱ्या बाजूला उभी काच. ती काच नेहमी उत्तरेकडे. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा असतो, त्यात ऊन येत नाही, सावली पडत नाही. तुटलेला धागा त्यात चटकन दिसतो. खात्यात हवा मुद्दाम दमट ठेवायची, कारण कोरड्या हवेत सूत तुटतं. दमट हवेत सूत टिकायचं, माणसाची छाती भरायची. "आर्किटेक्चरच्या मुलांना मी हे आधी सांगते," ती म्हणाली. "छप्पर धाग्यासाठी होतं."

मग तिनं वडापाव घेतला. खायला नव्हे, शिकवायला. गाडीवाल्याकडून सुरी मागून तिनं त्याचे तीन समान भाग केले. "ही गिरणीची जमीन. १९९१ चा नियम क्रमांक ५८ म्हणतो, एक भाग पालिकेला बागा-मैदानांसाठी, एक भाग म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी, एक भाग मालकाला." गिरण्यांची जमीन होती सुमारे सहाशे एकर, दाटीनं भरलेल्या शहराच्या ऐन मध्यावर अशी संधी परत येणार नव्हती. "२००१ मध्ये नियम बदलला. काय बदललं? वाटणी आता फक्त 'मोकळ्या' जमिनीची करायची. ज्या जमिनीवर गिरणीची इमारत उभी आहे ती मोकळी नाही. इमारत पाडल्यावर जी मोकळी होईल तीही मोकळी नाही." तिनं तीनही भाग परत एकत्र करून बाजूला ठेवले आणि कागदावर सांडलेल्या सुक्या चटणीवर बोट ठेवलं. "एवढी मोकळी. हिचे तीन भाग करा."

पर्यावरणवादी संस्था न्यायालयात गेल्या. मुंबई उच्च न्यायालयानं २००५ मध्ये पाडकामानंतरची जमीनही मोकळीच धरावी असा निकाल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. पुण्याचे काका म्हणाले, "एका शब्दाचा खेळ." गाडीवाला सुरी पुसत म्हणाला, "वडापाव कोण खाणार पण?" तो शेवटी पुण्याच्याच काकांनी खाल्ला.

*

सेनापती बापट मार्गावर, जुन्या लोकांच्या तुळशी पाइप रोडवर, फिनिक्स मिलची चिमणी अजून आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तिथं बोलिंगचे खेळ आले, मग दुकानं, मग भव्य मॉल. चिमणी मधोमध जपली आहे, लोक तिच्याशी सेल्फी काढतात. चिमणी जपली हे चांगलंच. पण जपलेली चिमणी म्हणजे जपलेली गिरणी असा समज होतो, तेव्हा अडचण होते. आजूबाजूला श्रीनिवास मिलच्या जागी पार अडीचशे मीटरच्या वर गेलेले मनोरे आहेत; ज्युपिटर मिलच्या जागी काचेची कचेरी. काही इमारती खरोखर देखण्या आहेत. खालून मान वर करून बघताना आमच्यातल्या मुली त्यांच्या काचेच्या कातडीबद्दल जाणकारीनं बोलत होत्या. डोकं बघून झालं. पाय बघायला गेलो तर पाय दिसेनात. जमिनीपासून पहिले काही मजले गाड्यांचे. त्यांच्याभोवती उंच भिंत. भिंतीत आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या गाड्यांची दोन फाटकं. चालणाऱ्यासाठी होता तो भिंत आणि गटार यांच्यामधला हातभर फुटपाथ, तोही मध्येच एका विजेच्या पेटीनं अडवलेला.

तिथंच पाऊस आला. समोर एका मनोऱ्याच्या फाटकावर मोठा काचेचा मांडव होता. आम्ही त्याखाली गेलो. निळ्या गणवेशातला पोरगा धावत आला. "इथं नका थांबू, प्लीज. गाड्या येतात." आमची वाटाड्या म्हणाली, "अरे बाळा, दोन मिनिटं." त्यानं वर कॅमेऱ्याकडे बघितलं आणि खाली आमच्याकडे. "मावशी, मला काही नाही. ते बघतात." मग आवाज बारीक करून म्हणाला, "आम्हालाच इथं बसायला खुर्ची नाही." आम्ही भिजत पुढे गेलो. त्याच्यावर कुणी रागावलं नाही. गिरणीच्या काळातही फाटकावर माणूस असायचा आणि पास दाखवल्याशिवाय आत सोडायचा नाही. भिंत तेव्हाही होती. पण त्या भिंतीआड रोज हजारोंनी माणसं जायची आणि पाळी सुटली की रस्ता त्यांचाच असायचा.

इथून उत्तरेला पाऊण-एक किलोमीटरवर तेव्हाचं एल्फिन्स्टन रोड, आताचं प्रभादेवी स्टेशन. तिकडे न जाता बाईंनी ते लांबूनच दाखवलं. २९ सप्टेंबर २०१७, दसऱ्याचा आदला दिवस. सकाळी कचेऱ्यांची वेळ. अचानक पाऊस आला. गाडीतून उतरलेली माणसं बाहेर पडेनात, पावसापासून आडोसा म्हणून पादचारी पुलाच्या जिन्यावर थांबून राहिली; मागून पुढच्या गाडीची माणसं येत राहिली. चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. गिरणीच्या पाळ्यांसाठी बांधलेल्या स्टेशनांवर आता शेकडो कचेऱ्यांचा भार होता. आणि बाहेर थांबायला जागा नव्हती.

हे कुणालाच सुचलं नव्हतं असं नाही. सरकारनं १९९६ मध्ये वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला होता. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांच्या जमिनी सुट्या सुट्या न विकता एकत्र जुळवाव्यात, रस्ते आणि बागा एकमेकांना जोडाव्यात, आणि परळ-एल्फिन्स्टन स्टेशनांच्या तोंडाशी चालणाऱ्यांसाठी मोठा चौक काढावा, असा त्या गटाचा विचार होता. २००५ पासून त्या जमिनी एकेक करून लिलावात गेल्या. चेंगराचेंगरीनंतर तीन महिने पूर्ण होतात न होतात तोच, २९ डिसेंबरला, जवळच्या कमला मिल आवारात गच्चीवरच्या पबला आग लागून १४ जण गेले. एक स्टेशन, एक गिरणी. दोन्हीकडे माणसांना बाहेर पडायला वाट सापडली नाही. बाईंनी दोन्ही तारखा सांगितल्या आणि पुढे चालू लागल्या. पुढची दहा मिनिटं कुणी फोटो काढला नाही.

*

लालबाग, काळाचौकी ओलांडून आम्ही शिवडीला पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. इथं त्या खात्याचं दुसरं लेकरू होतं: बीडीडी चाळी. बीडीडी म्हणजेच बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. ज्या खात्यानं बॅकबेत समुद्र हटवायला घेतला त्याच खात्यानं त्याच वर्षांत कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायचं ठरवलं होतं. त्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसवला. ही योजनाही अर्ध्यात थांबली. वरळीला १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२ अशा २०७ चाळी झाल्या. सुमारे साडेसोळा हजार खोल्या. तळमजला आणि वर तीन मजले, मधून लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या. खोली १६० चौरस फुटांची. भाडं न परवडल्यामुळे आणि जागा गिरण्यांपासून लांब पडल्यामुळे वरळीच्या पुष्कळ खोल्या सुरुवातीला रिकाम्याच राहिल्या. सविनय कायदेभंगाच्या काळात तिथं सत्याग्रह्यांसाठी तात्पुरता तुरुंग केला होता.

बांधकाम सिमेंट काँक्रीटचं. म्हणजे ओव्हलच्या इमारतींच्या आधी, त्याच आधुनिक साहित्यात, त्याच सरकारी खात्यानं इतक्या मोठ्या संख्येनं घरं उभारली होती. आधुनिक वास्तुकलेच्या फेऱ्या बहुतेक मरीन ड्राइव्हलाच संपतात. गोल कोपरे, गोल खिडक्या आणि कोरीव अक्षरं नसली की आधुनिकता आपल्याला ओळखू येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

शिवडीची जमीन बंदर खात्याची असल्यामुळे इथला पुनर्विकास अडून राहिला आणि चाळी उभ्या राहिल्या. पाऊस परत सुरू झाला, तेव्हा आम्ही एका चाळीच्या जिन्यात शिरलो. तळमजल्याच्या दारात एक आजी तांदूळ निवडत बसल्या होत्या. बाईंनी विचारलं, "मावशी, जरा थांबलो तर चालेल ना?"

"थांबा की. पावसाला कुणी नाही म्हणतंय का?"

आम्ही थांबलो. मुलींनी पॅसेजचे फोटो काढायला सुरुवात केली. खरंच सुंदर होता तो: लांबच्या टोकाला पांढरा उजेड, दोन्ही बाजूंना दारांबाहेर चपलांचे ढीग, तुळशीचे डबे, एका दाराबाहेर शिलाई मशीन. एक मुलगी म्हणाली, "किती छान कम्युनिटी स्पेस आहे." आजींनी सूप खाली ठेवलं.

"बाय, फोटो काढ. पण त्या तिकडं जा आणि संडासाचा पण काढ. वीस घरांना मिळून. माझे मालक आजारी होते तेव्हा रात्री दोनदा धरून न्यायला लागायचं. त्याचा फोटो कुणी काढत नाही."

मुलगी गोरीमोरी झाली. आजींना तिला लाजवायचं नव्हतं. त्यांनी लगेच आतून पाण्याचा तांब्या आणवला. पण त्यानंतर मला आमच्या फेऱ्यांकडे थोडं वेगळं बघावंसं वाटलं. आपण दोन तास चालतो, दुसऱ्याच्या गैरसोयीत सौंदर्य बघतो आणि आपल्या ब्लॉकमध्ये परत जातो. चाळीचं आपलेपण खरं होतं. संडासाची रांगही खरी होती. पहिल्यापायी दुसरी विसरायची आणि दुसरीपायी पहिलं पाडायचं, दोन्ही सोपं आहे.

*

तरीही अशा फेऱ्या व्हायला हव्यात, असं मला वाटतं. अहमदाबादेत पालिकेच्या पुढाकारानं नोव्हेंबर १९९७ मध्ये काळूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत पोळांमधून चालत जाणारी फेरी सुरू झाली. वीस वर्षांनी, २०१७ मध्ये, ते शहर जागतिक वारसा शहर झालं. रोज सकाळी तीच वाट तुडवल्यानं शहराला स्वतःकडे बघायची सवय लागते. मुंबईत आज खाकी टूर्स आहे, आर्ट डेको मुंबई ही संस्था आहे, आणि छोटे छोटे गट तर किती. गिरणगावच्या फेरीत अनेक वाटाड्यांच्या पिशवीत मीना मेनन आणि नीरा आडारकर यांचं कामगारांच्या आठवणींचं पुस्तक सापडतं.

फेरीला चालायचा वेग असतो, हे तिचं बळ. सागरी सेतूवरून, पुलावरून, मेट्रोतून शहर नवं झाल्यासारखंच दिसतं. पायी गेलं की कळतं की एका गिरणीच्या जागेला वळसा घालायला अकरा मिनिटं लागतात आणि त्या अकरा मिनिटांत बसायला एकही कट्टा नाही. विकासाच्या आराखड्यात हे कुणी मोजत नाही. शहर नवं झालं का, याचं माझं माप आता एवढंच उरलंय: रस्त्यानं जाणाऱ्या परक्या माणसाला त्यातून काय मिळालं? ओव्हलच्या रांगेनं श्रीमंतांसाठी घरं बांधली, पण रस्त्याला छज्जा, पोर्च आणि फुटपाथ दिला. गिरण्यांच्या जमिनीतून रस्त्याला तिसरा हिस्सा मिळायचा होता. त्याला चटणी मिळाली.

कामगारांच्या वाट्याला काय आलं, तेही याच हिशोबात येतं. गिरणीच्या जागेवरच्या घरांसाठी दीडेक लाख कामगारांनी आणि वारसांनी अर्ज केले. २०१२ च्या पहिल्या सोडतीत ६,९२५ घरं निघाली, २०२० च्या सोडतीत ३,८९४. २२५ चौरस फुटांची. उरलेल्यांना शेलू-वांगणीकडे बोट दाखवलं जातं तेव्हा ते आझाद मैदानात येऊन बसतात.

*

वरळीला मी शेवटी एकटाच गेलो. वरळीच्या चाळींचा पुनर्विकास म्हाडा करतंय. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं घर, फुकट. २०१७ मध्ये भूमिपूजन झालं होतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. चाळीस मजली इमारती. मी बघितल्या त्या रंगानं हसऱ्या होत्या आणि बाल्कन्यांत कपडे वाळत होते, म्हणजे माणसं नांदायला लागली होती. प्रत्येक घरात स्वतःचा संडास. शिवडीच्या आजी आठवल्या, आणि मनातल्या मनात मी या इमारतींना त्यांची उंची माफ केली.

परतताना पाऊस आला. छत्री विसरलो होतो. मी फाटकातून आत, प्रवेशाच्या छताखाली गेलो. टेबलामागच्या माणसानं वही पुढे केली.

"नाव लिहा. नंबर. कुणाकडे?"

कुणाकडे? हा प्रश्न चाळीत शिरल्यावरही यायचा. पहिल्या जिन्यावरचा पोरगा विचारायचा, तळमजल्यावरची म्हातारी विचारायची, आणि नाव सांगितलं की घरापर्यंत पोचवायलाही यायची. शब्द तोच. वहीत मात्र त्यासाठी रकाना होता, आणि मला त्यात लिहायला कुणी नव्हतं.

"कुणाकडे नाही," मी म्हणालो. "पाऊस थांबेपर्यंत."

त्यानं पेन खाली ठेवलं. नियम काय असेल ते तो आठवत असावा. इतक्यात माझ्यामागून दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेतलेल्या एक बाई आत आल्या, पदरानं तोंड पुसलं, माझ्याकडे आणि वहीकडे एक नजर टाकली.

"आमच्याकडे," त्या टेबलामागच्या माणसाला म्हणाल्या. "लिही."

मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी घराचा नंबर सांगितला, तो लिहून होईपर्यंत थांबल्या, आणि लिफ्टकडे निघून गेल्या.